दिवा कां लागत नाहीं?

गेल्या महिन्यांत माझ्या पुतण्याच्या पत्नीचा पुण्याहून दूरध्वनि आला. तिच्या मुलाच्या शाळेनें विद्युत्परिपथ ह्या विषयावर विज्ञानस्पर्धा ठेविली होती, आणि तयारीला पुरते पंधरा दिवसही उरले नव्हते. ती म्हणाली, "काका, बाजारांत तयार संच मिळतात. खोक्यांत सारें असतें. तारा जोडल्या कीं दिवे लागतात, भोंगा वाजतो, पंखा फिरतो. दोन संच मीं पाहून ठेवले आहेत. त्यांतला कोणता घेऊं?" मीं सांगितलें, "दोन्ही राहूं दे. टॉर्चचे दोन घट, जुन्या पद्धतीचे तारेचे दोन बल्ब, हातभर तांब्याची तार आणि एक मल्टिमीटर, एवढें आण. आणि पहिले चार दिवस त्याला कांहीं मांडूं देऊं नको. नुसतें जोडूं दे आणि बिघडवूं दे." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. सून सुशील आहे. म्हाताऱ्याला स्पर्धेंतलें काय कळतें, असें ती बोलली नाहीं. आजचें माझें भाषण म्हणजे त्या शांततेला दिलेलें सविस्तर उत्तर होय.

मी रत्नागिरी जिल्ह्यांतील राजापूर तालुक्यांत नाटे ह्या गांवीं राहतों. खाडी जेथें समुद्रास मिळते त्या मुखाशीं आमचें गांव आहे. खाडीकांठीं यशवंतगडाचा जुना कोट, जवळच मुसाकाजीचें बंदर, आणि पलीकडच्या बाजूस जैतापूरचा दीपस्तंभ. त्याच बाजूस माडबन येथें सुमारें दहा हजार मेगावॅट शक्तीचा अणुविद्युत्प्रकल्प योजिलेला आहे. त्याविषयींचा वाद मी येथें काढीत नाहीं. त्यासाठीं वेगळीं भाषणें होतात व पुष्कळ होतात. मला फक्त एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, ज्या गांवच्या लहानथोरांच्या तोंडीं मेगावॅट हा शब्द सहज खेळतो, त्या गांवींसुद्धां एक घट, एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा हातीं दिला, तर दहांतील सात माणसांस दिवा लावतां येत नाहीं. पुण्यामुंबईकडील सुशिक्षित मंडळींवरही हा प्रयोग मीं करून पाहिला आहे. निकाल फारसा वेगळा येत नाहीं.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें असतील त्यांनीं आज रात्रीं तो अवश्य करून पाहावा. एक घट, एक छोटा बल्ब, एक तार. बहुतेक जण बल्बचें बूड घटाच्या डोक्यावर टेकवितात, तार घटाच्या तळापासून आणून त्याच बुडाला लावतात, आणि दिवा लागला नाहीं म्हणजे घट मेला असें ठरवून मोकळे होतात. बल्बला दोन टोकें असतात, एक बुडाशीं आणि दुसरें त्याच्या कडेच्या धातूच्या आट्यांवर, आणि वीज एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडली पाहिजे, हें आपण कधीं पाहिलेलेंच नसतें. होल्डर नांवाच्या वस्तूनें तें आपल्यापासून झांकून ठेविलेलें असतें. तयार संचाविषयींचा माझा पहिला आक्षेप हाच आहे. त्यांत जें जें चुकण्याजोगें असतें तें तें करणाऱ्यानें आधींच बरोबर करून ठेविलेलें असतें.

आतां स्पर्धेकडे वळूं. महाराष्ट्रांत दरवर्षीं शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनीं विज्ञानप्रदर्शन भरतें आणि त्यांतून निवडलेलीं उपकरणें पुढें राष्ट्रीय प्रदर्शनास जातात. मुंबईच्या विज्ञानशिक्षकांच्या संघटनेनें १९८१ सालापासून चालविलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा वेगळी. ती सहावीच्या व नववीच्या मुलांसाठीं असून तींत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, पुढें कृतिप्रकल्प आणि मुलाखत असते. ह्या सर्व स्पर्धांचे नियम निरनिराळे आहेत, परंतु एक क्षण सर्वांत सारखा येतो. एक अनोळखी माणूस तुमच्या मुलासमोर येऊन उभा राहतो, दिवा लागलेला पाहतो, आणि विचारतो, "हा कां लागला?" कधीं तो मुद्दाम एक तार काढतो आणि विचारतो, "आतां कां विझला?" सारी तयारी त्या क्षणासाठीं असते, आणि शिक्षक म्हणून माझी स्वतःची फजिती झाली ती त्याच क्षणीं.

ती हकीगत सांगतों. गोष्ट २०१५ सालची. मी शिकवीत होतों त्या शाळेंत सातवीच्या वर्गांत दोन मुलें विजेच्या प्रयोगांत रमणारीं होतीं. एक मुलगी, घरीं थोडीं आंब्याचीं कलमें आणि भातशेती. आणि दुसरा एका मच्छीमाराचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्हीं तयारीस आरंभ केला. सामान काय? पुठ्ठ्याचें खोकें, पितळी टाचण्या, घट घट्ट धरून ठेवावयास सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, बटणाऐवजीं सेफ्टी पिन. एक मल्टिमीटर तेवढा विकत आणला होता. तो आजही चारदोनशे रुपयांत मिळतो, आणि माझ्या मतें घरांतल्या मुलाला वाढदिवशीं देण्याजोगी ह्याहून चांगली भेट नाहीं. पहिल्याच दिवशीं त्या मुलानें विद्युतधारा मोजण्यासाठीं तो परिपथाच्या ओळींत जोडावयाचा सोडून सरळ घटाच्या दोन टोकांवर आडवा लावला. आंतली वितळतार गेली. धारा मोजणारें यंत्र स्वतः जवळजवळ कांहींच रोध करीत नाहीं, म्हणून तें घटाला आडवें लावणें म्हणजे घटाचीं दोन टोकें तारेनें एकमेकांस जोडण्यासारखेंच होय, हें त्या दिवशीं दोघांसही कळलें आणि पुन्हां विसरलें नाहीं. ती जळलेली वितळतार मीं काड्यापेटींत घालून ठेविली आहे.

माझा एक नियम होता. कोणतीही जोडणी करण्याआधीं काय होईल तें वहींत लिहावयाचें, मग जोडावयाचें. दोन बल्ब एकामागून एक, म्हणजे एकसर जोडले, तर काय होईल? दोघांनींही लिहिलें कीं, पहिला बल्ब अधिक उजळेल, कारण वीज त्याला आधीं मिळते आणि तो थोडी खाऊन टाकतो. दुसऱ्याला उरलेली मिळते. जोडून पाहिलें तों दोन्ही सारखेच, आणि दोन्ही मंद. "दुसरा बल्ब जरा चांगल्या जातीचा असेल," असें मुलगा म्हणाला. मीं म्हटलें, अदलाबदल करून पाहा. केली. तरी सारखेच. मग मल्टिमीटर पहिल्या बल्बच्या आधीं जोडला, दोहोंच्या मध्यें जोडला, दुसऱ्याच्या नंतर जोडला. तिन्ही ठिकाणीं धारेचा आंकडा एकच. वीज कोणी खात नाहीं. जितकी जाते तितकीच परत येते, वाटेंत जें खर्च होतें तें तिच्या अंगची शक्ति. पुस्तकांतलें वाक्य त्यांना आधींपासून पाठ होतें, परंतु त्या पाठ वाक्यानें त्यांच्या मनांतली पहिल्या बल्बची समजूत हालविली नव्हती.

येथवर सारें ठीक चाललें होतें. पुढें ओहमच्या नियमाची पाळी आली. विभवांतर दुप्पट केलें तर धारा दुप्पट होते. विभवांतरास धारेनें भागिलें म्हणजे रोध निघतो, आणि आलेख काढला तर सरळ रेघ येते. आम्हीं बल्बवरच मोजमापें घेतलीं. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असें ज्याच्या कडेवर लिहिलेलें असतें तो टॉर्चचा नेहमींचा बल्ब. एक घट जोडला असतां बल्बवरचें विभवांतर १.३ व्होल्ट आणि धारा ०.२१ अँपिअर आली. दोन घट जोडल्यावर विभवांतर २.६ झालें, म्हणजे बरोबर दुप्पट; परंतु धारा ०.४२ व्हावयाची ती ०.३१ च भरली. मुलीनें तीनदां मोजलें. मग तिनें आपल्या मनानें आणखी एक गोष्ट केली. बल्ब परिपथांतून काढून, विझलेल्या थंड बल्बचा रोध मल्टिमीटरनें सरळ मोजला. यंत्राच्या स्वतःच्या तारांचा रोध ०.४ भरत होता तो वजा करून बल्बचा उरला अवघा १ ओहम. पेटलेल्या बल्बचा मात्र २.६ भागिले ०.३१, म्हणजे सुमारें ८.४. तिनें वहींत लिहिलें : "विझलेला असतां १, पेटलेला असतां ८.४. असें कां?"

श्रोतेहो, आयुष्यांत एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न माझ्यापुढें आला होता, आणि मला तो ओळखतां आला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक. ओहमचा नियम मीं शिकलों तसाच शिकविला होता, आणि नियम म्हटला म्हणजे आलेख सरळच यावयाचा, अशी माझी दृढ श्रद्धा होती. मीं तिला सांगितलें कीं, हा मल्टिमीटर स्वस्तांतला आहे, थोडा रोध त्याला नीट मोजतां येत नाहीं. तें मोजमाप तक्त्यावर घेऊं नको. एवढ्यावर थांबलों असतों तरी एक वेळ चाललें असतें. तक्ता तयार करतांना आलेखावरचे बिंदु वांकडे दिसूं लागले, तेव्हां मीं फूटपट्टी घेतली आणि त्यांच्यामधून माझ्या हातानें सरळ रेघ ओढली. खालीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें, "ओहमचा नियम सिद्ध होतो."

तालुक्याच्या प्रदर्शनांत परीक्षक आले. मध्यम वयाचे, मृदु बोलणारे. दिवे पाहिले, एकसर आणि समांतर जोडणीविषयीं विचारलें. मुलीनें उत्तम उत्तरें दिलीं. मग ते आलेखासमोर थांबले. "हे बिंदु कशावरचे?" "बल्बवरचे." "आणि रेघ सरळ?" मुलगी कांहींच बोलली नाहीं. तिनें माझ्याकडे पाहिलें. परीक्षक हळूच म्हणाले, "बाळ, बल्बची रेघ सरळ येत नसते," आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आमचा नंबर आला नाहीं, तें योग्यच झालें. परततांना एस. टी. च्या गाडींत मी त्या मुलीच्या शेजारच्या बाकावर बसलों होतों. बऱ्याच वेळानें मीं तिला म्हटलें, "चूक माझी होती. तुझी नव्हती." ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या वहींत वांकडीच आहे." वही तिच्या दप्तरांत होती. तिनें ती काढून मला दाखविली नाहीं; दाखविण्याची गरजच नव्हती.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. झोंप लागली, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून मीं अभ्यासाला सुरुवात केली. माझा एक जुना विद्यार्थी महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकत होता. त्याच्याकडून पुस्तक आणविलें. इंग्रजी पुस्तक, आणि माझें इंग्रजी बेताचें. पण उत्तर सांपडलें. बल्बच्या आंतली तार टंगस्टनची असते. ती उजळून पांढरट पिवळी होते तेव्हां तिचें तपमान दोन हजार अंशांच्याही वर गेलेलें असतें, आणि धातू जसजसा तापतो तसतसा त्याचा रोध वाढतो; टंगस्टनच्या तारेचा तर थंड असतांनाच्या आठदहा पट होतो. मुलीनें मोजलेले १ आणि ८.४ हे दोन्ही आंकडे बरोबर होते. ओहमचा नियम तपमान स्थिर असतां लागू पडतो, हें वाक्य आमच्या शालेय पुस्तकांतही होतें. तें मीं वर्षानुवर्षें वर्गांत वाचून दाखविलें होतें आणि एकदांही त्याचा अर्थ विचारला नव्हता. जुन्या पद्धतीचे बल्ब बहुधा बटण दाबण्याच्या क्षणींच कां जात, हेंही मला साठीच्या उंबरठ्यावर तेव्हां समजलें. थंड तारेंतून पहिल्या क्षणीं कित्येक पट धारा धांवते.

त्याच पुस्तकांत ओहमचें चरित्र थोडक्यांत दिलें होतें, आणि पुढें मीं तें आणखी ठिकाणीं वाचलें. गेऑर्ग सिमॉन ओहम हा १७८९ सालीं जर्मनींत एर्लांगेन गांवीं एका कुलुपें करणाऱ्या कारागिराच्या घरीं जन्मला. बाप स्वतः शिकलेला, आणि मुलांना गणित त्यानेंच शिकविलें. पुढें ओहम कोलोन येथील शाळेंत शिक्षक झाला. प्रसिद्ध नियम त्यानें शोधला तो शाळामास्तर असतांना, पुष्कळशीं उपकरणें स्वतःच्या हातानें बनवून. आणि मला विशेष वाटलें तें हें कीं, १८२५ सालीं त्यानें आपला पहिला लेख प्रसिद्ध केला त्यांतला नियम चुकीचा होता. त्या काळचे घट वापरूं लागतांच धारा उतरत जाई. मोजमाप घेतां घेतां घटच बदलत असे. पोगेनडोर्फ नांवाच्या संपादकानें त्याला सुचविलें कीं, घट सोडून दे आणि दोन धातूंचा सांधा तापवून वीज मिळते ती वापर. ओहमनें बिस्मथ आणि तांबें जोडून एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा वितळत्या बर्फांत ठेविला. ह्या दोहोंचीं तपमानें हालत नाहींत, म्हणून वीजही हालली नाहीं. मग त्यानें पुन्हां सारीं मोजमापें घेतलीं, आधींचा नियम मागें घेतला, आणि १८२७ सालीं पुस्तक काढलें. त्याच्या देशांत त्याची फारशी वाहवा झाली नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला पदक दिलें तेव्हां कोठें लोकांचें लक्ष गेलें. आपली आधींची रेघ चुकली हें ज्यानें उघडपणें मान्य केलें, त्याच्याच नांवावर मीं फूटपट्टी चालविली होती.

दुसऱ्या वर्षीं तींच दोन मुलें आठवींत होतीं. ह्या वेळीं विषय त्यांनींच ठरविला. एका मोडक्या विजेच्या शेगडीचें वेटोळें मिळालें. तें निक्रोम नांवाच्या मिश्रधातूचें असतें, आणि तापलें तरी त्याचा रोध फारच थोडा बदलतो. वेटोळ्याचा सुमारें पांचवा हिस्सा कापून घेतला, त्याचा रोध १० ओहमच्या आसपास भरला. १.३ व्होल्टला धारा ०.१३, २.६ व्होल्टला ०.२६. ही रेघ खरोखरच सरळ आली. तिच्या शेजारीं बल्बची वांकलेली रेघ, आणि कोपऱ्यांत थंड बल्बचें १ ओहम हें मोजमाप. तक्त्यावर त्या मुलीनें आपल्या हस्ताक्षरांत नुसता प्रश्न लिहिला, "एक सरळ कां आणि दुसरी वांकडी कां?" मीं तक्त्याला हात लावला नाहीं. हें म्हणणें सोपें आहे. प्रत्यक्षांत मला खोलीबाहेर जाऊन उभें राहावें लागत असे.

प्रदर्शनाच्या दिवशीं सकाळीं निराळेंच संकट उभें राहिलें. आदल्या संध्याकाळीं शाळेंत झगझगीत लागलेला बल्ब टेबलावर मांडल्यावर अगदींच मंद दिसूं लागला. घट नवे होते. परीक्षक तासाभरांत येणार. माझा हात आपोआप खिशांतल्या पेचकसाकडे गेला. मागच्या वर्षींची आठवण झाली आणि मीं तो मागें घेतला. मच्छीमाराच्या मुलानें मल्टिमीटर उचलला. घटांच्या टोकांवर त्यानें मोजलें, २.८ व्होल्ट, म्हणजे घट ठीक. बल्बच्या टोकांवर मोजलें, १.७. मग १.१ व्होल्ट गेले कोठें? परिपथ चालूच ठेवून तो तारेच्या वाटेनें एकेका सांध्यावर यंत्राचीं दोन टोकें टेकवीत चालला, दोरीवरच्या गांठी चांचपीत जावें तसा. पहिला सांधा, जवळजवळ शून्य. दुसरा, शून्य. सेफ्टी पिनेशीं तारेला जोडणाऱ्या टाचणीवर आला, आणि यंत्रानें १ व्होल्ट दाखविला. टाचणी सोडविली तों तिच्या डोक्याखालीं हिरवट कळकट थर. किनाऱ्यावरची खारी दमट हवा पितळेला आणि तांब्याला सुखानें राहूं देत नाहीं. पुठ्ठ्याचें खोकें आठवडाभर उघड्या खिडकीपाशीं होतें, आणि थराखालीं तग धरून राहिलेली टाच प्रवासांतल्या हिसक्यांनीं सुटली असावी. धारा त्या वेळीं ०.२४ अँपिअर होती. म्हणजे ज्या सांध्याचा रोध आम्हीं शून्य धरून चाललों होतों, तो एकटाच ४ ओहमचा झाला होता, बल्बच्या निम्म्याहूनही अधिक. मुलानें टाचणी आणि तारेचें टोक कानस कागदानें घासलें, पुन्हां आवळलें, आणि बल्ब उजळला.

"हें तुला कोणीं शिकविलें?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "बाबांच्या होडीवर बॅटरीच्या टोकांना असेंच होतें. मशीन सुरू होत नाहीं, नि बॅटरी तर भरलेली असते. बाबा टोकें घासतात नि वरून ग्रीस फासतात." आमच्या बंदरांत हें प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे. मला, तेथेंच जन्म काढलेल्या मास्तराला, परिपथ शिकवितांना तें कधीं आठवलें नव्हतें.

योगायोग असा कीं, परीक्षकांपैकीं एक बाई दुरून हा सारा प्रकार पाहत उभ्या होत्या. त्यांनीं आलेखांविषयीं विचारलेंच, परंतु अधिक वेळ त्या बिघडलेल्या सांध्यापाशीं घालविला, आणि मुलाकडून पुन्हां एकदां सारी तपासणी करवून घेतली. दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक मोठ्या देखण्या, रंगीत दिव्यांच्या एका प्रतिकृतीला मिळाला. तीविषयीं मला कांहीं म्हणावयाचें नाहीं.

ह्या अनुभवांतून मीं तयारीची माझी रीत बदलली, ती आपल्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों. मुलाचा परिपथ एकदां चालूं लागला म्हणजे तो संपला असें समजूं नये. घरांतल्या दुसऱ्या कोणीं तरी, भावंडानें किंवा आजीनें, मुलाच्या पाठीमागें त्यांत एक बिघाड करून ठेवावा : एखादी तार इन्सुलेशनसकट आवळावी, टाचणीखालीं कागदाचा कपटा सारावा, एक घट उलटा बसवावा. मुलानें तो शोधावा, आणि शोधतांना आधीं डोक्यानें, मग यंत्रानें, सरतेशेवटीं हातानें. उलटा घट मोठा बोधप्रद आहे. तीन घटांतला एक उलटा बसविला तर वीज बंद पडत नाहीं, एका घटापुरतीच उरते, आणि मुलें चकित होतात. अलीकडे तारेचे बल्ब दुकानांत सहज मिळत नाहींत. सर्वत्र एलईडी दिवे आले आहेत. तेही वापरावेत, परंतु त्यांच्या खोडी जाणून घ्याव्यात. वीज त्यांतून एकाच दिशेनें जाते. लाल रंगाचा दिवा सुमारें दोन व्होल्टांखालीं पेटत नाहीं, पांढरा सुमारें तिनांखालीं. आणि धारेला आवर घालणारा रोध जोडीला दिला नाहीं तर बिचारा जळून जातो. त्याची रेघ तर बल्बपेक्षांही वांकडी येते. हौशी मुलानें ती अवश्य काढावी.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. हे सारे प्रयोग टॉर्चच्या घटांवरच करावयाचे. भिंतींतल्या २३० व्होल्टांच्या विजेला मुलानें हात लावावयाचा नाहीं, वडील माणूस शेजारीं असलें तरी नाहीं. तसेंच जुन्या भ्रमणध्वनींतल्या बॅटऱ्या काढून त्यांचीं टोकें जोडण्याचा खेळ होऊं देऊं नये. त्या पेट घेतात. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें तेव्हां जागोजाग तारा तुटून पडल्या होत्या. तुटलेल्या तारेजवळ जाऊं नका, असें मुलांना बजावीत मी दारोदार हिंडलों होतों. घटावर खेळलेल्या मुलांना त्याचें कारण सांगावें लागलें नाहीं.

त्या दोघांचें पुढें काय झालें असें कोणी विचारील म्हणून सांगतों. मुलगी आतां रसायनशास्त्राची पदवीधर आहे. मुलगा वडिलांबरोबर समुद्रावर जातो, आणि बंदरांतल्या निम्म्या होड्यांची विजेची जोडणी त्याच्या हातची आहे.

पुण्याच्या नातवाविषयीं सांगावयाचें राहिलें. संच घेतला नाहीं असें सून म्हणते. पहिले तीन दिवस दिवा लागलाच नाहीं, म्हणून घरांत थोडी रुसवाफुगवी झाली. काल रात्रीं त्यानें स्वतः दूरध्वनि केला. "आजोबा, नुसता घट मोजला तर १.५८ येतात. बल्ब लावून त्याच घटावर मोजलें तर १.३१. तार नवी आहे, सांधे घासले आहेत. मग मधले ०.२७ कोठें गेले?" मीं विचारलें, "तुला काय वाटतें?" तो म्हणाला, "सांधा बाहेर नसेल तर घटाच्या आंतच कोठें तरी असेल." मीं त्याला सांगितलें, दोन बल्ब समांतर जोडून पुन्हां मोज, पण आधीं आंकडा काय येईल तो वहींत लिहून ठेव, आणि उद्यां मला वाचून दाखव.